किरकोळ मारहाणीचा आरोप : मौन केव्हा, समेट केव्हा

अ‍ॅशबर्न येथील रविवारच्या कौटुंबिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन



आजचा विषय आपल्या सभेला साजेसा नाही, असे काहींना वाटेल. मारामारी, पोलीस आणि कोर्टकचेरी ही आपल्या घरातली गोष्ट नव्हे, अशीच आपली समजूत असते. माझीही होती. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाच्या हातात वॉरंट पडले, तेव्हा ती समजूत मोडली. त्या प्रकरणात सर्वांत मोठी चूक त्याच्याकडून झाली नाही, ती माझ्याकडून झाली. ती चूक तुमच्यापैकी कोणाकडून होऊ नये, एवढ्यासाठीच मी आज उभी आहे. मी परिचारिका होते, वकील नव्हे. मी सांगते ते कायद्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. प्रसंग ओढवला तर सल्ला वकिलाचाच घ्यावा.

एका धक्क्याची हकिकत

संध्याकाळची वेळ होती. पाहुण्यांसाठी राखलेल्या जागेत गाडी लावण्यावरून माझ्या भाच्याचा आणि शेजारच्या गृहस्थांचा वाद झाला. त्या गृहस्थांनी फोन अगदी तोंडासमोर धरून चित्रण सुरू केले आणि दुसऱ्या हाताने याचा हात पकडला. भाच्याने त्यांना ढकलले. फोन खाली पडून फुटला. कोणाला टाका पडला नाही, कोणाचे रक्त आले नाही. घरी येऊन तो म्हणाला, “मावशी, उगाच हात गेला.” मी त्याला सांगितले, “आत्ताच्या आत्ता क्षमा माग आणि फोनचे पैसे देतो म्हणून सांग.” त्याने तसा संदेश पाठवला : मी तुम्हाला ढकलायला नको होते, चूक माझी आहे.

दोन दिवसांनी डेप्युटी दारात उभे राहिले. त्या गृहस्थांनी मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर तक्रार दिली होती, आणि तक्रारीसोबत माझ्या सांगण्यावरून पाठवलेला तो संदेश जोडला होता.

मी तसे का सांगितले, याचा मी पुष्कळ विचार केला. कोकणातल्या आपल्या गावी भांडण झाले तर ते मुकादमापुढे जात असे. चौगुले आणि वडीलधारी मंडळी बसत, चुकलेला चूक कबूल करी, आणि प्रकरण तिथेच मिटे. मुंबईतही पोलीस चौकीत अशा भांडणाची ‘एन.सी.’ म्हणजे अदखलपात्र नोंद होई आणि दोन्ही पक्ष चहा पिऊन घरी जात. भारतात 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 115(2) प्रमाणे साध्या दुखापतीला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, तरीही तो गुन्हा अदखलपात्रच राहिला आहे. ही सवय घेऊन आपण येथे आलो. येथे मात्र रचना वेगळी आहे, आणि ती आधी समजून घेतली पाहिजे.

व्हर्जिनियाचा कायदा काय म्हणतो

आपले अ‍ॅशबर्न हे स्वतंत्र नगरपालिका असलेले शहर नाही. ते लाउडन काउंटीचा भाग आहे. म्हणून येथे शहर पोलीस नाहीत, काउंटीच्या शेरीफचे डेप्युटी येतात, आणि खटले लीसबर्गला चालतात.

व्हर्जिनिया राज्याच्या संहितेतील कलम 18.2-57 प्रमाणे साधा ‘असॉल्ट’ आणि ‘बॅटरी’ हे पहिल्या वर्गाचे ‘मिस्डमीनर’ आहेत. मिस्डमीनर म्हणजे ‘फेलनी’पेक्षा खालच्या पायरीचा गुन्हा. मात्र ‘खालच्या पायरीचा’ या शब्दांनी फसू नये. त्यास 12 महिन्यांपर्यंत तुरुंगवास आणि 2,500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय ही फौजदारी दोषसिद्धी आहे, रहदारीचा दंड नव्हे.

असॉल्ट म्हणजे इजा करण्याच्या हेतूने केलेली अशी उघड कृती, की समोरच्याला तत्काळ माराची रास्त भीती वाटावी. मूठ उगारून अंगावर धावून जाणे हे त्याचे उदाहरण. केवळ शब्द, ते कितीही कठोर असले तरी, असॉल्ट ठरत नाहीत. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली क्लार्क यांच्या खटल्यात हे तत्त्व पुन्हा मांडले. बॅटरी म्हणजे रागाने, उर्मटपणे किंवा सूडबुद्धीने केलेला प्रत्यक्ष स्पर्श. येथे आपल्या समजुतीला धक्का बसतो. कॅज्युअल्टीमध्ये आम्हांला पहिला प्रश्न विचारला जाई : दुखापत साधी की गंभीर? व्हर्जिनियाचा कायदा मात्र दुखापत झाली का हे आधी विचारत नाही, स्पर्श कशा भावनेने झाला हे विचारतो. ओरखडाही उठला नसेल, तरी बॅटरी सिद्ध होऊ शकते.

काही प्रसंगी याच कृत्याचे परिणाम अधिक कठोर होतात. कर्तव्यावर असलेल्या पोलिसावर हात टाकला तर ती फेलनी होते. धर्म, वंश, वर्ण किंवा मूळ देश पाहून मुद्दाम कोणाला लक्ष्य केले, तर शिक्षेत कमीत कमी 6 महिन्यांची कैद येते. एखाद्या दिवशी आपल्यापैकी कोणावर किप्पा पाहून कोणी हात उचलला, तर हे संरक्षण आपल्यालाही आहे, हे ध्यानात असू द्या. तातडीच्या विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांना वा परिचारिकांना कामावर असताना मारणाऱ्यासाठीही 15 दिवसांच्या कैदेची तरतूद आहे. माझ्या जुन्या सहकाऱ्यांसाठी मला तिचे समाधान वाटते.

आणखी एक मोठा फरक आहे. येथे खटला फिर्यादी विरुद्ध आरोपी असा नसतो. तो व्हर्जिनिया राज्य विरुद्ध आरोपी असा असतो. फिर्यादी हा साक्षीदार आहे. ‘मी तक्रार मागे घेतो’ असे म्हटल्याने खटला आपोआप संपत नाही.

पहिला धडा : मौन

डेप्युटी दारात आले की आपला माणूस बोलू लागतो. आपण सभ्य आहोत, लपवण्यासारखे काही नाही, सगळे समजावून सांगितले की ते समजून घेतील, असे त्याला वाटते. अमेरिकेच्या संविधानाची पाचवी दुरुस्ती सांगते, की कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. 1966 च्या मिरांडा निकालानंतर ताब्यात घेतलेल्या माणसाची चौकशी करण्यापूर्वी त्याला हा हक्क सांगावा लागतो. पण ‘ताब्यात घेतलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याच दारात उभे राहून आपण आपणहून बोललो, तर ती सूचना न देताही आपले बोलणे पुरावा होऊ शकते.

मौन म्हणजे उद्धटपणा नव्हे, आणि प्रतिकार तर नव्हेच. नाव आणि पत्ता सांगावा. अटक होत असेल तर हात मोकळे ठेवून शांतपणे जावे. आणि नम्रतेने एकच वाक्य म्हणावे : मला माझ्या वकिलांशी बोलायचे आहे, त्याआधी मी काही सांगू इच्छित नाही. खोटे मात्र कधीही सांगू नये. न बोलणे हा हक्क आहे, खोटे बोलणे हा हक्क नाही.

आपल्या धर्माशी हे विसंगत आहे, असे कोणास वाटेल. उलट आहे. आपल्या तालमुदातील सान्हेद्रिनच्या भागात हे तत्त्व आहे, की माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःला दुष्ट ठरवू शकत नाही. म्हणून तोराच्या न्यायात गुन्हा शाबित होण्यासाठी दोन साक्षीदार लागत, कबुलीवर शिक्षा होत नसे. बाराव्या शतकात रंबाम यांनी हाच नियम आपल्या मिश्ने तोरा या ग्रंथात न्यायाधीशांच्या प्रकरणात नोंदवला. मिरांडा निकालाच्या एका तळटीपेत न्यायमूर्तींनी रंबाम यांच्या त्याच ठिकाणाचा उल्लेख केला आहे. म्हणजे दारात उभे राहून वकील मागणारा आपला मुलगा पळवाट शोधत नसतो. तो एका जुन्या आणि आपल्याच परंपरेने जपलेल्या नियमाचा आधार घेत असतो.

हे मौन फोनवरही पाळावे लागते. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात हकिकत लिहू नये. फिर्यादीला संदेश पाठवू नये. जुने संदेश पुसूनही टाकू नयेत, कारण पुसण्याचा अर्थ लपवणे असा लावला जातो.

वकील, भाषा आणि न्यायालयाची पायरी

मॅजिस्ट्रेट समन्स किंवा अटक वॉरंट काढतात, आणि अटक झाल्यास जामिनाच्या अटी ठरवतात. माझ्या भाच्याची सुटका वैयक्तिक हमीवर झाली, परंतु फिर्यादीशी कोणताही संपर्क करायचा नाही, ही अट होती. माझा स्वभाव पाहा : त्या घरी चिकाच्या हलव्याचा डबा घेऊन जायची मी तयारी केली होती. वकिलीणबाईंनी मला थांबवले. आरोपीच्या वतीने नातेवाइकाने जाणे हाही संपर्कच समजला जातो. अट मोडली तर जामीन रद्द होऊ शकतो, आणि फिर्यादीने ‘मला दबावाखाली आणले’ असे म्हटले तर नवा आरोप होऊ शकतो. आपला सद्भाव तिथे धमकीसारखा वाचला जातो.

1963 च्या गिडियन निकालाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क मान्य केला, आणि 1972 च्या आर्गरसिंगर निकालाने मिस्डमीनरमध्येही वकिलाशिवाय कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही असे ठरवले. उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल तर पहिल्या तारखेला न्यायाधीशांपुढे तसे सांगावे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांवर प्रसंग आला आणि त्यांना इंग्रजी समजत नसेल, तर फौजदारी खटल्यात दुभाषा नेमणे हे न्यायालयाचे काम आहे आणि त्याचा खर्च राज्य करते. मुलाने किंवा सुनेने दुभाषा होऊ नये. प्रेमापोटी केलेला एखादा बदललेला शब्दही घात करतो.

असा खटला प्रथम जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतो. तिथे ज्यूरी नसते, एकच न्यायाधीश निर्णय देतात. निकाल विरुद्ध गेला तर 10 दिवसांच्या आत सर्किट कोर्टात अपील करता येते, आणि तिथे खटला जणू पहिल्यापासून नव्याने चालतो. मिस्डमीनरसाठी तिथे 7 जणांची ज्यूरी मागता येते. या 10 दिवसांची आठवण ठेवा. खचून जाऊन घरी बसल्याने अनेकांचे हे दार बंद होते.

बचाव कशावर उभा राहतो

वकिलीणबाईंनी आम्हांला जे समजावले, ते मी माझ्या शब्दांत सांगते. गुन्हा रास्त संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार राज्यावर असतो. त्यासमोर बचावाचे काही मुख्य प्रकार असतात.

पहिला, घटना तशी घडलीच नाही, किंवा साक्ष विश्वासार्ह नाही. दुसरा, स्पर्श झाला, पण अपघाताने. रागाचा किंवा उर्मटपणाचा हेतू नव्हता. तिसरा, संमती. क्रिकेटच्या मैदानावर धावताना दोघे आपटले, तर खेळाच्या ओघातल्या त्या धक्क्याला दोघांचीही मूक संमती असते. खेळ थांबल्यावर मारलेल्या ठोशाला नसते. चौथा, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा बचाव.

स्वसंरक्षणाविषयी आपल्यात फार गैरसमज आहे. ‘त्याने आईवरून शिवी दिली म्हणून मारले’ हे स्वसंरक्षण नाही. शब्दांनी मारण्याचा अधिकार मिळत नाही, मग शिवी देणाऱ्याचा वेगळा गुन्हा होत असला तरी. धोका तत्काळ असावा, समोरच्याच्या कृतीतून दिसावा, आणि बळ त्या धोक्याच्या प्रमाणात असावे. धोका संपला की हातही थांबला पाहिजे. पळणाऱ्याच्या पाठीवर मारलेला फटका स्वसंरक्षण ठरत नाही. भांडण आपणच काढले असेल, तर आधी मागे हटून शांततेची इच्छा दाखवावी लागते. आणि व्हर्जिनियात स्वसंरक्षण नुसते तोंडाने म्हणून चालत नाही. संशय निर्माण होईल इतका पुरावा आरोपीला पुढे आणावा लागतो.

परिचारिकेची वही

पुराव्याच्या बाबतीत मात्र मला थोडा अधिकार आहे. भाच्याच्या उजव्या मनगटावर आणि बाहीखाली बोटांच्या पकडीचे ठसे उमटले होते. त्या रात्री मी चुकीचा सल्ला दिला, पण जुन्या सवयीने छायाचित्रेही घेतली. पुढे तीच उपयोगी पडली, कारण त्याचा हात आधी पकडला गेला होता, हे त्यांतून दिसत होते.

म्हणून हे नीट ऐका. इजेचे एक छायाचित्र दुरून घ्यावे, म्हणजे शरीराचा कोणता भाग आहे ते कळते, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून. काळे-निळे डाग पहिल्या तासात दिसतीलच असे नाही, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही घ्यावे. डागाच्या रंगावरून तो नेमका कधीचा हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून तारीख आणि वेळ यांची नोंदच महत्त्वाची. मूळ छायाचित्रे फोनमधून काढू नयेत. फाटलेला शर्ट धुऊ नये, कागदी पिशवीत ठेवावा.

दुखत असेल तर डॉक्टरांकडे जावे, आणि तेथे खरे तेच सांगावे. तेथे बोललेले शब्द केसपेपरात लिहिले जातात, आणि न्यायालय ते मागवू शकते. कमी दुखत असताना जास्त सांगितले, तर तोच कागद आपल्याविरुद्ध बोलतो.

आठवण ताजी आहे तोवर सर्व हकिकत एका कागदावर लिहावी, वर ‘माझ्या वकिलांसाठी’ असे लिहावे, आणि तो कागद इतर कोणास दाखवू नये. शेजारच्या दाराच्या घंटीत कॅमेरा असेल तर वकिलास लगेच सांगावे, कारण असे चित्रण काही काळाने आपोआप पुसले जाते.

घरातील मारहाण : येथे वेगळा नियम

आता सर्वांत अवघड भाग. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा यांच्यातील मारहाणीला वेगळे कलम आहे, 18.2-57.2. भाऊ वेगळ्या घरात राहत असला, तरी तो या व्याख्येत येतो. एकाच घरात राहणारे सासू-सासरे आणि दीर-नणंदाही येतात. हे खटले लीसबर्गच्या बाल व कौटुंबिक न्यायालयात चालतात. मारहाण झाल्याचे सबळ कारण दिसले, तर मुख्य हल्लेखोराला अटक करणे हे डेप्युटीचे कर्तव्य आहे. ‘आमचे आम्ही पाहू’ म्हटल्याने ते परत जात नाहीत. त्याच वेळी साधारण 72 तासांचा तातडीचा संरक्षण आदेश निघतो, आणि आरोपीला स्वतःच्याच घरी पाऊल टाकता येत नाही. पत्नीने फोन करून बोलावले तरी जाऊ नये. आदेश न्यायालयाचा आहे, पत्नीचा नव्हे, आणि तो मोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मी येथे स्पष्ट बोलते. कॅज्युअल्टीत ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या बायकांचे हात मी पुष्कळ पाहिले आहेत. बचावाचा हक्क प्रत्येकाला आहे, मारणाऱ्यालाही आहे. पण समाजाने एकत्र येऊन मार खाणाऱ्या बाईला ‘तक्रार मागे घे, घराची अब्रू जाते’ असे सांगणे हा बचाव नव्हे. ते दुसऱ्यांदा मारणे आहे. शेजाऱ्याचे रक्त सांडत असताना स्वस्थ उभे राहू नये, ही लेवीयातील आज्ञा आपल्याला ठाऊक आहे. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून आहे या भीतीने कोणी गप्प असेल, तर तिने आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे. पीडितांसाठी कायद्यात काही स्वतंत्र वाटा आहेत. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक 800-799-7233 असा आहे.

परदेशी नागरिकाने घ्यायची काळजी

कौटुंबिक गुन्हा पहिल्यांदाच घडला असेल, तर 18.2-57.3 या कलमाखाली न्यायाधीश निकाल राखून ठेवू शकतात. उपचारवर्ग पूर्ण केले आणि किमान 2 वर्षे वर्तन चांगले राहिले, तर आरोप काढून टाकला जातो. ऐकायला ही सुटका वाटते. पण एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यांनी येथे थांबून विचार करावा. त्यासाठी आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा पुरावा पुरेसा आहे असे न्यायालय नोंदवते, आणि त्यावर बंधने घातली जातात. केंद्रीय इमिग्रेशन कायद्याच्या व्याख्येत एवढ्याने ‘दोषसिद्धी’ होते. राज्याच्या दृष्टीने आरोप संपलेला असतो, केंद्राच्या दृष्टीने तो उभा असतो. शिवाय अशा रीतीने काढलेल्या आरोपाची नोंद पुढे पुसून घेता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या पादिया निकालात ठरवले, की कबुलीमुळे देशातून काढले जाण्याचा धोका असेल तर तो आरोपीला सांगणे हे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे. म्हणून पहिल्याच भेटीत वकिलाला आपला व्हिसा कोणता हे सांगावे. व्हर्जिनियात हलक्या स्पर्शानेही बॅटरी होते. त्यामुळे येथील कौटुंबिक बॅटरी आपोआप नैतिक अधःपाताचा गुन्हा किंवा कौटुंबिक हिंसेचा गुन्हा ठरत नाही, असे इमिग्रेशन अपील मंडळाने 2007 आणि 2010 च्या दोन निर्णयांत म्हटले आहे. हा आधार आहे, पण त्यावर विसंबून घाईने कबुली देऊ नये. व्हिसा किंवा नागरिकत्व देताना अधिकाऱ्याचा विवेक उरतोच.

नागरिकत्वाच्या अर्जात अटकेविषयी विचारले जाते, सुटका झाली असली तरी. म्हणून खटला संपताच न्यायालयाच्या अंतिम आदेशाच्या प्रमाणित प्रती काढून जपून ठेवाव्यात. नोंद पुसून घ्यायची असेल तर त्याआधीच काढाव्यात, नंतर मिळणे कठीण होते.

दुसरा धडा : समेट

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. क्षमा मागू नकोस असे वकील सांगतो आणि क्षमा माग असे धर्म सांगतो, तर माणसाने करावे काय?

दारफाळणीचा सण देवाविरुद्धची पापे पुसतो. शेजाऱ्याविरुद्धचे पाप मात्र शेजाऱ्याचे समाधान केल्याशिवाय पुसले जात नाही, असे मिश्ना सांगते. बाबा कम्माच्या आठव्या अध्यायात दुखापत करणाऱ्यावर पाच देणी आहेत : नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि अप्रतिष्ठा. आणि ही पाचही देणी फेडली, तरी क्षमा मागेपर्यंत तो सुटत नाही. मोशेने मिसरात भांडणाऱ्या दोघांना पाहिले, तेव्हा मार अजून पडलाही नव्हता, तरी तोराने हात उगारणाऱ्याला दुष्ट म्हटले, असे आपल्या ऋषींनी त्या प्रसंगावरून शिकवले. म्हणजे क्षमा टाळता येत नाही.

परंतु क्षमेला वाट आणि वेळ असते. व्हर्जिनियाच्या कलम 19.2-151 मध्ये ही वाट आहे. तिला ‘अकॉर्ड अँड सॅटिस्फॅक्शन’ म्हणतात. दुखावलेल्या माणसाने न्यायालयापुढे येऊन, माझे समाधान झाले आहे असे लेखी दिले, तर न्यायाधीश आपल्या विवेकाने खटला रद्द करू शकतात, आणि तोवरचा खर्च आरोपीने भरायचा असतो. घरातील मारहाण, पोलिसावरील हल्ला, दंगल, किंवा फेलनी करण्याच्या हेतूने केलेली मारहाण यांना ही वाट बंद आहे. शेजाऱ्यांतल्या धक्काबुक्कीला ती उघडी आहे. अशा रीतीने रद्द झालेल्या खटल्याची नोंद पुसण्यासाठी सर्किट कोर्टात अर्जही करता येतो.

आमच्या वकिलीणबाईंनी न्यायालयाच्या मार्गाने त्या गृहस्थांशी बोलणे केले. फोनची किंमत दिली गेली. छायाचित्रे पाहिल्यावर, आपणही हात पकडला होता हे त्यांनी मान्य केले. दोघांच्या संमतीने कागद तयार झाला, न्यायाधीशांनी तो वाचला, दोघांनाही दोन प्रश्न विचारले आणि खटला रद्द केला. संपर्काची अट तेव्हा संपली. बाहेरच्या ओसरीत माझा भाचा त्यांच्याजवळ गेला आणि पुन्हा क्षमा मागितली, तीच क्षमा, जी त्याने पहिल्या रात्री मागितली होती. पहिल्या रात्री ती पुरावा झाली होती. त्या दिवशी ती क्षमा झाली. हलवा मी पुढच्या नव्याच्या सणाला दिला, आणि त्यांनी घेतला.

आपला मुकादम येथे नाही, असे मला वाटत होते. तो आहे. फक्त तो लीसबर्गला काळा झगा घालून बसतो, आणि त्याच्यापुढे जाताना आधी वकील, मग कागद, आणि शेवटी क्षमा, असा क्रम पाळावा लागतो. तालमुदात शमुवेलाने सांगून ठेवले आहे, की ज्या राज्यात आपण राहतो त्याचा कायदा आपल्यालाही कायदाच आहे.

तुमच्या घरातील तरुण मुलांना हे आज जेवताना सांगा. आणि माझ्या वयाच्या बहिणींनो, तुम्हांला वेगळे सांगते : रात्री मूल घाबरून घरी आले, तर त्याला पाणी द्या, जखम पाहा, छायाचित्र घ्या, आणि फोन बाजूला ठेवायला सांगा. क्षमा मागायला त्याच्यासोबत तुम्ही नक्की जाल, पण ज्या दिवशी वकील सांगतील त्या दिवशी.

परमेश्वर आपल्या घरांत शांती नांदवो. शालोम.